ठिबकसाठी फिल्टरची जाळी किती मेशची घ्यावी? (शेततळे, दोन एकर ऊस)

काळंरान: नमस्कार मंडळी. दोन एकर उसाला नवीन ठिबक बसवायचंय. लॅटरल (पिकाच्या ओळीतल्या नळ्या) पाच फुटांवर, इनलाइन (नळीतच बसवलेले) ड्रीपर ४० सेंमीवर, ताशी २ लिटरचे. दोन्ही एकर एकदमच चालवायचे. पाणी शेततळ्याचं, उन्हाळ्यात त्यात बोअरचं सोडतो. तळ्यात शेवाळ आहे, बोअरमधून बारीक वाळू येते. दुकानदार म्हणतो २०० मेश घ्या, जेवढी बारीक तेवढी चांगली. शेजारी ८० वर चालवतात. नक्की कोणती घेऊ?

शिवार_पाणी: १२० मेश.

मेश म्हणजे एका इंचात किती घरं. आकडा वाढला की भोक लहान. ८० मेश म्हणजे साधारण १८० ते २०० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी), १२० म्हणजे १३०, २०० म्हणजे ७५. निवड ड्रीपरवरून करायची: त्याच्या आतल्या पाणवाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढं जाळीचं भोक. इतकं लहान का, तर वाटेपेक्षा बारीक कणही तीन-चार एकदम आले की तोंडाशी कमान धरून बसतात. वाटेचं माप कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. ०.९ मिमी असेल तर ९० ते १३० मायक्रॉन आलं. ८० मेश इथे कमी पडते.

२०० चा नाद सोडा. तुमच्या दोन एकरांत साडेतेरा हजारांच्या आसपास ड्रीपर बसतील, म्हणजे ताशी २७ हजार लिटर. एवढं शेवाळाचं पाणी ७५ मायक्रॉनमधून काढायला गेलात तर जाळी सारखी चोंदणार. दाब वाढला की ती फाटते, नाहीतर रबरी रिंगच्या कडेने पाणी न गाळताच निसटतं आणि घाण थेट लॅटरलमध्ये जाते. फिल्टर ताशी ३० घनमीटरचा (३० हजार लिटरचा) घ्या.

निवळी: १२० बरोबर, पण नुसत्या जाळीवर भागणार नाही. शेवाळ मऊ असतं, दाबाखाली लांबट होऊन जाळीतून पार होतं. त्याला जाड थर लागतो. म्हणून आधी सँड (वाळूचा) फिल्टर, मग जाळी किंवा डिस्क (खाचांच्या चकत्या रचलेला फिल्टर). सँडमध्ये नदीची गोल वाळू नको, धारदार कडांची गारेची वाळू भरा.

बोअरचं पाणी आधी तळ्यात पडतंय, त्यामुळे वाळू तिथेच बसेल. हायड्रोसायक्लोनचा (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणाऱ्या फिल्टरचा) खर्च वाचवा. बोअर थेट ठिबकला जोडणार असाल तर मात्र तो हवाच. पंपाच्या सक्शन पाइपचं तोंड तळाला टेकवू नका, ड्रमला बांधून पाण्याखाली दोन-तीन फुटांवर तरंगतं ठेवा.

पाण्यात काय आहे हे पाहायचं असेल तर काचेची बाटली भरून, हलवून ठेवा. मिनिटाभरात तळाला बसते ती वाळू, तास-दोन तासांत बसतो तो गाळ. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर ती चिकणमाती.

काळंरान: बाटली रात्रभर ठेवली, पाणी अजून गढूळच आहे. मग आणखी बारीक जाळी लागेल ना? आणि डिस्क घेतली तर लाल की पिवळी?

शिवार_पाणी: नाही. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहून बारीक, ठिबकची कुठलीच जाळी त्यांना अडवत नाही. त्या मातीला बाहेर जायला वाट करून द्यायची. दर पंधरा दिवसांनी लॅटरलच्या टोकाचं झाकण (एंड कॅप) उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. एका वेळी थोड्याच लॅटरल उघडा. सगळ्या उघडल्या तर वेग मिळत नाही आणि गाळ जागचा हलत नाही.

डिस्क लाल. बहुतेक कंपन्यांत लाल १३० मायक्रॉन आणि पिवळी २००, तरी वरचा आकडा वाचूनच घ्या. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाब दाखवणारे गेज हवेत. दाबातला फरक अर्ध्या किलोवर (दर चौरस सेंमीला) गेला की धुवायचा, सँड असेल तर बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून. वार बघून धुऊ नका, गेज बघून धुवा.

खतपाणी: दोन गोष्टी राहिल्या. व्हेंचुरी (पाण्यात खत ओढून घेणारं साधन) सँड फिल्टरनंतर पण जाळीच्या आधी बसवा, म्हणजे न विरघळलेलं खत जाळीतच अडकेल. दुसरं, बोअरच्या पाण्यातले विरघळलेले क्षार आणि लोह कितीही बारीक जाळीतून सहज जातात आणि ड्रीपरच्या तोंडाशी थर धरतात. ड्रीपर कापून पाहा: पांढरा कडक थर असेल तर ॲसिड, बुळबुळीत असेल तर क्लोरीन. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि ॲसिड व ब्लीचिंग (म्हणजे क्लोरीन) एकाच दिवशी, एकाच टाकीतून मुळीच सोडू नका, विषारी वायू सुटतो. मध्ये लाइन भरपूर पाण्याने धुऊन काढा.