मदत हवी आहे: मुलांच्या जुन्या सायकली चिखलदऱ्याच्या घाटासाठी तयार करायच्या आहेत, पैसा आधी कुठे घालावा?

नमस्कार मंडळी,

मी अचलपूर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. डिसेंबरात नववी-दहावीची चौदा मुलंमुली सायकलने चिखलदऱ्याला न्यायची आहेत. पालकांची सभा झाली, संमतीपत्रं आली, सोबत तीन मोठी माणसं आणि एक पिकअप असेल. सामानासाठी गावाने वर्गणी काढून पंचावन्न हजार रुपये जमवले. ज्यांच्या संत्र्याच्या बागेत यंदा फळगळ झाली त्यांनीही हात आखडता घेतला नाही. म्हणून हा पैसा नीट जागी लागावा अशी माझी फार इच्छा आहे.

गावात दोन मतं आहेत. एक म्हणजे या पैशात चार-पाच नव्या गिअरच्या सायकली घ्याव्यात, त्या शाळेच्या नावावर राहतील आणि दरवर्षी कामी येतील. दुसरं मत असं की आहेत त्याच सायकली नीट करून घ्याव्यात आणि उरलेल्या पैशात सगळ्यांना हेल्मेट घ्यावं. माझा कल दुसरीकडे आहे. चार-पाच मुलं नव्या सायकलवर आणि बाकीची घासलेल्या ब्रेकवर, असं घाटात न्यायला माझं मन धजत नाही. पण मी काही सायकलीतली तज्ज्ञ नाही, म्हणून हा धागा.

सध्याची स्थिती सांगते. नऊ सायकली मुलींच्या, मानव विकास या सरकारी योजनेतून मिळालेल्या. तीन जुन्या काळ्या, अठ्ठावीस इंची, वडिलांच्या किंवा आजोबांच्या. दोन गिअरच्या, पुढे शॉकर असलेल्या, त्यातल्या एकीचा मागचा गिअर बदलतच नाही. फाट्यावर सायकल दुरुस्तीचं एकच दुकान आहे. तिथले काका चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, इतका सुरेख काढतात की मोठ्या शहरातही असा कारागीर सहज मिळणार नाही. नव्या सायकलींबद्दल ते म्हणाले, "मॅडम, गिअरची सायकल पोट्ट्यायले चांगली, नाही म्हणत नाही. पण तिचं सामान इथं भेटत नाही. अर्ध्या रस्त्यात बिघडली त मी काय करू?" मला हे म्हणणं पटलं.

रस्ता परतवाड्याहून धामणगाव गढी, मोथा, चिखलदरा असा. परतवाड्यापासून साधारण तीस किलोमीटर, चढ सातशे मीटरच्या आसपास. चढताना दमली तर पोरं उतरून ढकलतील, त्याची मला चिंता नाही. काळजी आहे ती उतरण्याची.

आणि म्हणूनच पहिला प्रश्न ब्रेकचा. मी एकेक सायकल स्वतः पाहिली. मुलींच्या बहुतेक सायकलींना लोखंडी, चकचकीत निकेलच्या रिमा आहेत. ब्रेकचं रबर नखाने दाबून पाहिलं तर दगडासारखं लागतं. दोन सायकलींचा लिव्हर पूर्ण दाबला की सरळ हँडलला टेकतो. एकीच्या ब्रेकची तार लिव्हरपाशी जिथे वळते तिथे तिचे चार-पाच धागे तुटून बाहेर आलेले आहेत, बोटाला टोचतात. ती मुलगी रोज शाळेत त्याच सायकलने येते. तिची तार त्याच संध्याकाळी बदलून घेतली. बाकी सायकलींना नुसतं रबर बदलून भागेल की रिमच बदलावी लागेल? वर सकाळी धुकं आणि दव असतं, आणि ओल्या लोखंडी रिमवर रबर घसरतं हे मी ऐकून आहे.

दुसरा प्रश्न टायरचा. आमच्याकडे मुख्य रस्ता डांबरी असला तरी मुलं येतात पांदणीतून. बाभळीचा काटा, बोरीचा काटा, सराटे, आणि डिसेंबरात ठिकठिकाणी तुराट्या न् पऱ्हाटीचे खुंट. पंक्चर काढून आणलेली सायकल दुसऱ्या दिवशी परत बसते. टायरच्या आत घालायची पट्टी मिळते म्हणतात, ती खरंच उपयोगाची आहे का? ट्यूबमध्ये ओतायचं द्रावणही दिसलं. आमच्या उन्हाळ्यात ते टिकेल का?

तिसरा हेल्मेटचा. ऑनलाइन हजार ते पंधराशेच्या घरात दिसतात, पाचशेतही दिसतात. पाचशेतलं दिसायला तसंच आहे. मग काय बघून घ्यायचं? चौदा मुलांची डोकी वेगवेगळ्या मापाची, आणि शाळेचं हेल्मेट म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर जाणार. मुली उन्हासाठी ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळून बांधतात, त्यावर हेल्मेट बसवलं तर चालेल का, हाही प्रश्न आहे. त्यांना ओढणी सोडा म्हणणं सोपं नाही. डिसेंबर असला तरी दुपारी ऊन लागतंच.

लाइट, हातपंप, पाने यांबद्दलही सुचवा. अंधारात चालवायचं नाही हे नक्की आहे, पण संत्र्याचे ट्रक आणि ट्रॉल्या त्या दिवसांत बऱ्याच असतात, तेव्हा सायकल दिवसाही लांबून दिसावी एवढं हवं.

आमच्यातल्या एका मुलीला पुढे पोलीस भरती करायची आहे. आठशे मीटरचा सराव ती शाळेच्या मैदानावर करते, साध्या चपटा तळ असलेल्या कॅनव्हासच्या बुटात. सायकल आणि धावणं दोन्हीला एकच बूट चालेल का, तेही कुणी सांगितलं तर तिचं काम होईल.

प्रतिसाद (परतवाडा)

मॅडम, तुमचा कल बरोबर आहे. नवी सायकल घेऊ नका. मी त्या घाटात नेहमी जातो.

रिम बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका. सगळे स्पोक काढून चाक पुन्हा बांधावं लागतं, नऊ सायकलींचं ते काम काकांना डिसेंबरपर्यंत झेपायचं नाही. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक फार उशिरा लागतो हे तुम्ही ऐकलं ते खरं आहे, त्यावर रबर बदलणं हा पूर्ण इलाज नाही. पण कोरड्या रस्त्यावर नवं रबर, नवी तार आणि आऊट काढलेलं चाक एवढ्यात ब्रेक ओळखू येणार नाही इतका सुधारतो. रिमेवरचं तेल आणि काजळी रॉकेलने नका पुसू, चिकटपणा राहतो. साबणाचं पाणी लावा, मग कोरड्या फडक्याने पुसा. आणि वरून सकाळी लवकर निघू नका, दव वाळू द्या, दहा वाजले तरी चालतील.

उतारावर पोरं ब्रेक दाबूनच ठेवतात. त्याने रिम तापते, रबर झिजतं, हात आखडतात. थोडं दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक वापरायचे, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. ही सवय गावातल्या एखाद्या उतारावर आधीच लावून घ्या. त्या तीन काळ्या अठ्ठावीस इंचींना तारेऐवजी सळईचे ब्रेक असतील तर त्या वरून पिकअपमध्येच उतरवा. पोरं रुसतील, रुसू द्या.

प्रतिसाद (अमरावती)

ताई, टायर आणायला कुणाला पाठवाल तर टायरच्या बाजूला कोरलेला आकडा लिहून द्या. नुसतं "सव्वीसचा टायर" सांगितलं तर चुकीचा येईल. लेडीज सायकलवर बऱ्याचदा २६ × १ ३/८ असतो, त्याचा रिमचा आकडा, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, ५९०. एमटीबीच्या, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलच्या, सव्वीसचा आकडा ५५९. दोन्ही सव्वीसच, पण एक दुसऱ्याला बसत नाही. जुन्या काळ्या अठ्ठावीस इंचींचा, म्हणजे २८ × १ १/२ चा, आकडा ६३५. ३७-५९० असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये.

आतली पट्टी सराट्यांना चांगली थोपवते. बाभळीचा लांब काटा सरळ घुसला तर तिलाही दाद देत नाही, पण पंक्चर निश्चित कमी होतात. पट्टी मिळाली नाही तर जुन्या ट्यूबची उभी कापून पट्टी घालतात, तुमच्या काकांना ते माहीत असेलच. वजन थोडं वाढतं, एवढंच. द्रावण उन्हात लवकर सुकतं, वर्षभर पडून राहणाऱ्या शाळेच्या सायकलीत ते घालू नका.

दुसऱ्या दिवशी सायकल परत बसते याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: काट्याचं टोक टायरमध्ये राहिलेलं असतं. बोटाने शोधू नका, बोट फाटतं. घरचा कापूस घ्या, त्याचा बोळा टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे टोक असेल तिथे कापसाचा तंतू अडकून राहतो. मग चिमट्याने आतून किंवा बाहेरून ओढा.

व्हॉल्व्ह कोणता हे बघा. नव्या ट्यूबा घ्याल तर मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या घ्या. कुठल्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते. महागड्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह आपल्याकडे अडचणीचा, त्याला जोड लागतो. पेट्रोल पंपावरची हवा मात्र मुलांच्या हाती देऊ नका, सायकलची ट्यूब लहान असते, क्षणात फुटते. टायरवर लिहिलेल्या दाबापर्यंतच भरा. उन्हाने टायर फुटेल म्हणून लोक हवा कमी ठेवतात, त्याची गरज नाही. २५ अंशांना ५० पौंड भरली तर ४५ अंशांना ती ५४च्या आसपास जाते, तेवढं टायर सहज सोसतो. कमी हवेत मात्र दगडावर रिम आपटून ट्यूब दोन जागी कापली जाते.

प्रतिसाद (नागपूर)

हेल्मेटचं मी सांगते, माझ्या मुलासाठी बरीच शोधाशोध केली होती. आतल्या बाजूला ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं छापलेलं स्टिकर हवं. ही सायकलच्या हेल्मेटची मानकं आहेत. पाचशेतल्यावर ते नसेल तर घेऊ नका, आणि मोटारसायकलचं हेल्मेटही नको, त्यात सायकल चालवताना डोकं उकडून निघेल. मागे फिरवायची चकती असलेलं घ्या म्हणजे दोन-तीन मापांना एकच पुरतं. आधी टेपने भुवयांच्या वरून सगळ्यांच्या डोक्याचा घेर मोजा, आणि त्या आकड्यांवरून लहान किती, मध्यम किती ते ठरवा.

हेल्मेटच्या आत थर्मोकोलच असतो. पडल्यावर तो दबून मार झेलतो, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. वरून तडा दिसो न दिसो, जोरात आपटलेलं हेल्मेट पुढच्या मुलाला देऊ नका. टिनाच्या खोलीत उन्हाळाभर ठेवू नका, पिकअपच्या काचेमागेही नको.

ओढणीवर हेल्मेट चालणार नाही. घड्यांमुळे ते वर उचललं जातं आणि डोक्यावर सरकतं. मुलींना सुती पातळ टोपी किंवा गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल द्या, तो तोंडावर ओढता येतो. एकाच घडीचा असल्यामुळे हेल्मेट नीट बसतं. वेणी खाली, मानेवर बांधायला सांगा. ओढणीचं मोकळं टोक चाकात जाण्याचा धोका वेगळाच. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी घट्ट.

भरतीवाल्या मुलीला धावण्याचे वेगळे बूट घ्या. पैसे एकदाच खर्च करायचे तर तिथेच करा. मऊ तळव्याचा धावायचा बूट साध्या पायडलवर चालतो, सायकलचा कडक बूट धावायला चालत नाही. लेस मात्र आत खोचायला सांगा.

प्रतिसाद (वरुड)

चढाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बिनगिअरच्या सायकलीला मागे बहुधा अठरा दात्यांचं फ्रीव्हील असतं, पुढे चव्वेचाळीस. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. काकांना सांगून बावीस दात्यांचं फ्रीव्हील बसवून घ्या, चाक बरोबर दोन फेरे फिरेल. चढ हलका लागतो, खर्च थोडका. चेनला एखादी कडी जास्त लागेल. उभा चढ तरीही ढकलावाच लागेल, पण मुलींचे गुडघे वाचतील.

चेनला जळकं ऑइल लावू नका. धूळ त्याला चिकटून चेन घासते. चेन आधी फडक्याने पुसा, मग प्रत्येक कडीवर थेंब पडेल एवढं पातळ तेल, आणि वरचं पुन्हा पुसून काढा. चेन ताणली का ते स्टीलच्या पट्टीने कळतं: एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनचं बारा इंच. ते इंचाच्या सोळाव्या भागाने वाढलं असेल तर बदला.

सीटच्या उंचीकडेही बघा. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक पोरांची सीट खाली असते, म्हणून दमतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना हे सगळं वाचून दाखवलं. फ्रीव्हीलचं ऐकून ते लगेच म्हणाले, "बावीसचं आहे माह्याजवळ, चार पडले आहेत." बाकीची ते परतवाड्याहून आणणार आहेत.

आता असं ठरवलं आहे. ज्या सायकलींना रबराचे ब्रेक आहेत त्या सगळ्यांचं रबर नवं, आणि तार असेल तिथे तारही नवी. नऊ सायकलींना टायरमधल्या पट्ट्या, आणि आत कापूस फिरवायचं काम मुलांकडेच. स्टिकर बघून चौदा हेल्मेट. मागे लाल लाइट, मडगार्डला आणि कॅरिअरला चमकणारी पट्टी, दोन हातपंप, दोन पान्यांचे संच. काळ्या तिन्ही पिकअपमध्ये उतरतील, ते मुलांना सांगून झालं. राहिलेले पैसे पुढच्या वर्षीच्या टायरांसाठी बँकेत.

एकच अडलं आहे. गिअरच्या दोनपैकी एकीला डिस्क ब्रेक आहे, तेलावर चालणारा, आणि लिव्हर मऊ लागतो. गावातला मोटारसायकल मेकॅनिक त्यात गाडीचं ब्रेक ऑइल भरून देतो म्हणतो. भरू द्यावं का?

प्रतिसाद (अमरावती)

भरू देऊ नका! कंपनीचं नाव बघा. शिमानो असेल तर त्याला मिनरल ऑइलच लागतं. गाडीचं डॉट ऑइल घातलं तर आतले रबर सील फुगून खराब होतात आणि पूर्ण ब्रेक बदलावा लागतो. लिव्हरवरचं नाव आणि नंबर इथे टाका, कोणतं तेल ते सांगतो. तोवर ती सायकल कुणाला देऊ नका.