शब्द हवाय: 'पोस्टपार्टम डिप्रेशन'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई
नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय, खरं तर दोन. बाळंतिणींच्या मानसिक आरोग्यावरच्या एका अभ्यासासाठी प्रश्नावली मराठीत आणायचं काम आमच्याकडे आलंय. एडिंबरा स्केल म्हणून जी १९८७ पासून वापरतात तीच, १० प्रश्न, 'गेल्या सात दिवसांत कसं वाटलं' एवढंच विचारायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. आम्हाला ती आशाताईंकडून घरी जाऊन तोंडी विचारून घ्यायचीय, त्यामुळे कागदावर छान दिसणारं मराठी उपयोगाचं नाही.
पहिली अडचण नावाची. 'प्रसूतिपश्चात नैराश्य' असं सगळीकडे लिहितात पण ते बोलायला जड आणि 'नैराश्य' म्हटलं की समोरची लगेच म्हणते, छे हो, निराश कशाला होऊ, बाळ चांगलंय की माझं. दुसरी अडचण सहाव्या प्रश्नाची. मूळ इंग्रजीत 'थिंग्ज हॅव बीन गेटिंग ऑन टॉप ऑफ मी' असं आहे. आमच्या पहिल्या खर्ड्यात कोणीतरी 'गोष्टी माझ्यावर चढत होत्या' लिहिलंय!! हे कोणत्या बाईला कळणार? सुचवा प्लीज.

अक्षरवेडा
नैराश्य म्हणजे आशा संपणं, आणि बाळंतिणीला नेमकं तेच होतंय असं नाही, त्यामुळे ती 'नाही' म्हणते ते तिच्या दृष्टीने बरोबरच आहे. औदासीन्य चालणार नाही, 'उदासीन'चा जुना अर्थ तटस्थ, कशाचंच सोयरसुतक नसलेला. खिन्नता फार हलकं वाटतं. मला 'विषाद' जवळचा वाटतो, गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग, तिथे हातपाय गळणं, तोंडाला कोरड पडणं, अंगाला कंप सुटणं सगळं शरीरासकट आलंय. बाळंतिणीला संस्कृतात सूतिका, म्हणून 'सूतिकाविषाद' करता येईल.

सोनचाफा
अक्षरवेडा, शब्द सुंदर आहे हो पण आशाताईने 'तुम्हाला सूतिकाविषाद आहे का' विचारलं तर घरातली सासू आधी देवऋषी शोधेल.
मी बरीच वर्षं प्रसूती वॉर्डात काम केलंय म्हणून सांगते, आपल्याकडे बाळंतपणाचे शब्द कमी नाहीत, उलट रेलचेल आहे. ओली बाळंतीण, बाळंतखोली, बाळंतविडा, बाळंतशेपा, बाळंतकाढा, शेकशेगडी, सव्वा महिना. पण बघा ना, सगळे अंगाचे आणि खाण्यापिण्याचे. 'बाळंतरोग' सुद्धा अंगाचाच, बाई खंगत गेली की म्हणायचे. ताप डोक्यात जाऊन बडबडायला लागली तर 'वात झाला', आणि त्यापलीकडे गेलं तर थेट 'बाहेरचं लागलं'. मधे जी बाई नुसती गप्प झालीय, बाळाला अंगावर घेते पण त्याच्याकडे बघत नाही, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, तिच्यासाठी एकही शब्द नाही म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.
बायका स्वतः काय म्हणतात ते सांगते. करमत नाही. कसंतरी होतं. जीव घाबरा होतो. रडू येतं उगाचच. नको नको वाटतं. डोक्यात सारखे विचार. आणि अलीकडे सर्रास 'टेन्शन'.
तुमच्या सहाव्या प्रश्नाचं उत्तर मला तर यातच दिसतंय: झेपत नाही. 'गेल्या आठवड्यात सगळं झेपत नाहीये असं वाटलं का?' बस.

रानजाई
झेपत नाही!! अहो हे किती सोपं होतं. आम्ही 'परिस्थिती हाताबाहेर जाणे' पर्यंत पोचलो होतो, पण त्यात परिस्थिती वाईट असायला लागते, झेपण्यात बाईची ताकद आणि कामाचं ओझं दोन्ही येतं.

वैनगंगा
झेपत नाही आमच्याकडे समजते पण बोलताना बाया 'जमून नाही राह्यलं' म्हणतात. दोन्ही ठेवा, आशाताईला निवडू द्या.
या निमित्ताने गडचिरोलीचं सांगावंसं वाटतं, कारण शब्दाने संशोधन कसं उभं राहतं ते तिथे दिसतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास केला, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. आता तुम्ही कोणा बाईला 'श्वेतप्रदर आहे का' विचारलं तर ती काय सांगणार, ती म्हणते 'अंगावरून पांढरं जाते'. गर्भाशय खाली सरकलं असेल तर 'अंग बाहेर येते'. तिच्या शब्दात विचारलं तरच ती बोलते. नाहीतर आहेच आपलं 'अंगावर काढणं'. हा शब्दप्रयोग घ्या ना मंडळी, दुखणं अंगावर काढणं, म्हणजे कोणाला न सांगता, काम न थांबवता सोसत राहणं, आणि आपण ते कौतुकाने सांगतो.
तसंच नवजात बाळांचं. १९९३ ते ९८ च्या अभ्यासात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली गेली, तुलनेसाठी ४७ गावं, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. करणाऱ्या गावातल्याच बाया. त्यांना नाव दिलं 'आरोग्यदूत'. पुढे २०११ पासून देशभर आशा बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या सहा भेटींत बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं सगळं पाहतात. आईला 'झोप लागते का, झेपते का' हे त्याच भेटीत विचारता येईल, वेगळी बाई पाठवायची गरज नाही.

मांडवीकाठ
गोव्याचा अनुभव इथे लागू पडेल. म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला होता, २००२ साली छापून आला, २७० आयांपैकी २३ टक्के आयांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी डिप्रेशन होतं. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी न पटणं, मारझोड होती, आणि मुलगी झाली हेही होतं. याच आयांची बाळं पुढे तपासली तर वजनात आणि उंचीत मागे पडलेली दिसली. म्हणजे बाळाचं वजन वाढेना म्हणून आपण फक्त पावडरचा डबा आणि टॉनिक बघतो तेव्हा आईकडेही बघायला पाहिजे.
आता शब्दाचं. पुढे तिथे साध्या शेजारपाजारच्या बायकांनाच शिकवून गरोदर बायकांकडे पाठवलं, मूळ कार्यक्रम पाकिस्तानात रावळपिंडीकडे बेतलेला, 'थिंकिंग हेल्दी' नावाचा. गोव्यात या बायकांना नाव दिलं सखी. समुपदेशक नाही, कौन्सेलर नाही, सखी. दारात सखी आली तर घरचे आत घेतात. माझं मत विचाराल तर नाव आजाराला शोधण्यापेक्षा येणाऱ्या बाईला शोधा, ती बरोबर असली की आजाराचं नाव नंतर आपोआप येतं.

निशिगंध
मांडवीकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मला पटत नाही. मी मानसोपचार शिकतेय, आणि आजाराला नाव नसलं की काय होतं ते रोज बघतेय. नाव नसेल तर तो आजार नाही, मग तो स्वभाव होतो. 'हिचं पहिल्यापासूनच असं', 'माहेरी लाडावलीय', 'आम्ही नाही का चार पोरं काढली'. केसपेपरवर, रजेच्या अर्जावर, नवऱ्याला समजावताना एक ठाम शब्द लागतोच. त्यामुळे विचारताना 'झेपत नाही', 'करमत नाही' वापरा, अगदी तेच वापरा, पण निदान झालं की आजार म्हणून नाव घ्या, औषध आणि बोलण्याचा उपचार दोन्हीने बरा होतो असं सांगा.
आणखी एक, तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात घालू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच भरून येतं, रडू येतं, निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं, ते बेबी ब्लूज. हा आजार नाही, याला मी 'भरून येणं' म्हणते आणि ते लगेच कळतं. दुसरं डिप्रेशन, ते आठवडेच्या आठवडे राहतं, भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला त्यात साधारण २२ टक्के, म्हणजे पाचात एक. तिसरं सायकोसिस, हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भास होतात, बाळाबद्दल भलत्याच शंका येतात, तिथे त्याच दिवशी दवाखाना. सोनचाफाताई म्हणतात त्या 'बाहेरचं लागलं' मध्ये या कितीतरी बायका गेल्या असतील.
आणि 'पश्चात' काढा हो त्या नावातून. हे पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेलं असतं.

अक्षरवेडा
मग 'बाळंतपणातलं नैराश्य' का नको? 'बाळंतपण' म्हणजे फक्त डिलिव्हरीचा दिवस नाही, 'आईने माझं बाळंतपण केलं' म्हणतो त्यात पुढचे महिने येतात. आणि या वाक्यात बाळंतपण *करणारी* दुसरीच आहे, सेवा करणारी. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. सूतिकाविषादाचा आग्रह सोडतो.

निशिगंध
त्यात गरोदरपण येत नाही, तेवढं सोडलं तर चांगलं आहे.

सोनचाफा
'गरोदरपण-बाळंतपणातलं डिप्रेशन' लिहा. डिप्रेशन आता खेड्यातही कळतं, टीव्हीने पोचवलंय, नैराश्यापेक्षा जास्त लोकांना कळतं. करमत नाही मात्र जपून वापरा, पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि सासरी परतल्यावर कोणालाच करमत नसतं, त्यातलं आजाराचं कोणतं आणि माहेरच्या ओढीचं कोणतं ते कळणार नाही.

रानजाई
हे पटलं, टिपून ठेवते. आता दहावा प्रश्न राहिला, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. आशाताई म्हणतात हा विचारलाच नको, विचारलं तर डोक्यात येईल.

निशिगंध
विचारायलाच हवा. विचारल्याने विचार वाढत नाही, हे अभ्यासांनी दाखवलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ पासून गरोदरपणातली आणि बाळंतपणातली आत्महत्या सरळ माता मृत्यूतच धरायला सांगितलंय, पण माता मृत्यूची व्याख्या ४२ दिवसांपुरती, पुढच्या महिन्यांत गेलेली बाई त्या आकड्यात दिसत नाही. भाषांतर 'आत्महत्येचे विचार' करू नका, त्या शब्दाला पोलिसांचा वास येतो. आपल्याकडे आहे ना शब्द, 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं का?' सासूसमोर विचारू नका, बाळाला बघायचं निमित्त करून एकटीला गाठा.
आणि उत्तर 'हो' आलं तर काय करायचं ते प्रश्नावलीच्या त्याच पानावर छापा. तिला एकटं सोडायचं नाही, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, तिथे मराठीत बोलता येतं. भरती करावं लागलं तर बाळ हिरावतील ही भीती सगळ्यात मोठी असते, तेव्हा हेही सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून वेगळं करू नये असं लिहिलेलं आहे.

वैनगंगा
'बरंवाईट' आमच्याकडे बरोबर समजते.

रानजाई
चालेल, सहावा आणि दहावा असेच घालते. या आठवड्यात आशाताईंसमोर मोठ्याने वाचून घेणार आहोत, कुठे अडखळतात ते इथे टाकते. चौथ्या-पाचव्या प्रश्नात 'काळजी' आणि 'भीती' जवळजवळ येतायत, त्यावर कोणाला काही सुचलं तर लिहून ठेवा.