उद्याचं कॅट कॅफे: सगळ्यांनी वाचून मगच झोपा

(रात्री ९:४०)

दादा: उद्या सकाळी ११ चा स्लॉट घेतलाय कॅट कॅफेचा, सगळ्यांचा. एक तास. उशीर करू नका प्लीज, आपण उशिरा गेलो तर आपलाच वेळ कापतात, पुढे वाढवून देत नाहीत

मोठी काकू: कसलं कॅफे??

सोन्या: मांजरांचं काकू. म्याव

मोठी काकू: ते कळलं. मांजरं अंगावरून फिरणार आणि आपण तिथेच बसून खायचं प्यायचं?

ताई: दादा मस्तच!! चिऊ कधीची मागे लागलीय

भाओजी: बुक करायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं. मांजराने मला काय होतं ते या ग्रुपवर सगळ्यांना माहितीये. मागच्या सुट्टीत रात्री अडीचला मी इनहेलर शोधत होतो आणि तो निळ्या बॅगेत निघाला, जी बॅग अजून मला परत मिळालेली नाही

दादा: सॉरी भाओजी, खरंच सॉरी. मला वाटलं तुम्हाला फक्त लांब केसवाल्या मांजराचा त्रास होतो. यांच्याकडे बिनकेसांची पण दोन आहेत असं लिहिलंय

मी: दादा केसांचा संबंध नाही रे. ॲलर्जी होते ती मुख्यतः एका प्रोटीनमुळे, फेल डी १ म्हणतात त्याला, ते मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींमध्ये असतं. मांजर अंग चाटतं, ते वाळतं आणि बारीक कण होऊन हवेत उडतं. बिनकेसांच्या मांजरातही असतंच. आणि कपड्यांना चिकटून घरी येतं, म्हणजे भाओजी तिथे गेले नाहीत तरी आपण तसेच त्यांच्या शेजारी येऊन बसलो तर त्रास व्हायचा तो होणारच

भाओजी: धन्यवाद. हेच मी तीन वर्षं सांगतोय

आत्या: दादा लहान मुलांना घेतात का ते विचारलंस का? वय वगैरे काही असतं त्यांचं

मोठे काका: निळी बॅग आमच्याकडे नाही. मी तेव्हाच सांगितलंय

ताई: मामा बॅगेचं जाऊ दे ना आता

मोठे काका: विषय मी काढलेला नाही

मोठी काकू: बॅग राहू दे. सूनबाई तिथे येणार नाही एवढं मी आत्ताच सांगते. पाचवा महिना चालू आहे. अशा दिवसात मांजराच्या जवळपास जायचं नसतं, बाळाला धोका असतो, हे मी माझ्या मनाचं सांगत नाही

दादा: आई आपण सकाळी बोलू ना

मोठी काकू: सकाळी काय बोलायचं, बुकिंग झालंच आहे तुझं

वहिनी: आई, मी पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांना विचारलं होतं. माहेरी मांजर आहे ना, म्हणून. त्या म्हणाल्या मांजराच्या शीला हात लावायचा नाही, तो ट्रे दुसऱ्या कोणीतरी साफ करायचा, हात साबणाने धुवायचे. मांजराजवळ बसायला नाही म्हणाल्या नाहीत

मोठी काकू: मला हे कोणी सांगितलं नाही. बरं आहे. तुमचं तुम्ही ठरवता सगळं

वहिनी: आई तसं नाही हो 🙏

मी: काकू तुमची काळजी बरोबर आहे, तो आजार खरा आहे. टॉक्सोप्लाझ्मोसिस. पण त्याचा जंतू मांजराच्या अंगावरून येत नाही, शीतून येतो, आणि तेसुद्धा मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडेच तो बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर माणसाला लागण होण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस जातात, म्हणून तर ट्रे रोजच्या रोज साफ करायला सांगतात. माणसांना अर्धंकच्चं मटण, न धुतलेली भाजी, बागेतली माती यातून पण होतो हा आजार. वहिनीने ट्रेच्या बाजूला जायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही, बाहेर आल्यावर हात धुवायचे, आणि डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाळायचं

सोन्या: निबंध

मी: सोन्या तू वाच आधी

आत्या: वय विचारलंस का दादा

मोठे काका: हे सगळं जपानी लोकांचं फॅड. घरात मांजर पाळायचं सोडून पैसे भरून बघायला जायचं

मी: पहिलं जपानमध्ये नव्हतं काका, तैवानमध्ये होतं, तैपेईला, १९९८ साली. जपानमध्ये ओसाकाला २००४ मध्ये निघालं आणि मग तिकडे खूप झाली, कारण तिकडे भाड्याच्या कितीतरी घरांत प्राणी पाळूच देत नाहीत. ज्याला घरी ठेवता येत नाही त्याने तासभर जाऊन बसायचं. मला त्यात वाईट काही वाटत नाही

मोठे काका: ठीक आहे. मग मांजरांसाठी दूध घेऊ का बरोबर

मी: नको नको. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. आणि बाहेरचं काहीच द्यायचं नसतं, कांदा लसूण चॉकलेट तर विषच त्यांना. कोणी खिशात काही ठेवू नका

सोन्या: दादा ११ कशाला पण, सुट्टीत कोण उठतं. रात्री ९ चा घे ना, लाईट बिट लावून भारी वाटेल

मी: रात्रीचा अजिबात नको. दिवसभर शंभर हात लागलेले असतात त्यांना. जपानमध्ये तर कायदाच आहे, रात्री ८ नंतर कुत्री मांजरं लोकांसमोर ठेवायची नाहीत, कॅट कॅफेतल्या मोठ्या मांजरांना तेवढी १० पर्यंत सूट. सकाळी ती ताजी असतात, सकाळीच जाऊ

आत्या: हॅलो. मुलांना किती वयापासून घेतात. चौथ्यांदा विचारतेय

सोन्या: आत्या तिसऱ्यांदा

आत्या: तुला मोजायला वेळ आहे तर फोन लाव की

दादा: आत्या मी बघतो थांब

(रात्री १०:०५)

दादा: बघितलं. ६ वर्षं पूर्ण पाहिजेत. त्याखाली आत घेत नाहीत

आत्या: म्हणूनच विचारत होते मी

ताई: अरे यार

ताई: चिऊ सव्वापाचची आहे. उंच आहे ती, सहाची सहज वाटते. सहा सांगू आपण, कोण कागद मागतंय

भाओजी: नाही

ताई: तू येणारच नाहीयेस, तू कशाला नाही म्हणतोस

भाओजी: बाप आहे म्हणून

मोठी काकू: मागच्या वेळचं विसरलात वाटतं सगळे. त्या मांजरीने केवढं ओरबाडलं होतं पोरीला. तेव्हा तिथे मुलीकडे कोण बघत होतं ते मी बोलत नाही

ताई: मामी बोला ना, बोलाच. मी अंघोळीला गेले होते, दोन मिनिटं. तुम्ही तिथेच बसला होतात

मोठी काकू: बघा जावईबापू, म्हणजे माझीच चूक

हा मेसेज डिलीट केला आहे

मोठे काका: कोणी काय डिलीट केलं

सोन्या: मी वाचलं 👀

दादा: सोन्या गप्प बस

मी: एक मिनिट ऐका सगळे. मागच्या वेळी ना ताईची चूक ना काकूंची, आणि त्या मांजरीची तर मुळीच नाही. तिला शेपटीने ओढलं होतं, त्याआधी ती दोनदा उठून लांब गेली होती, मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटलं जाईल ती, मी उठले नाही, ते मला अजून लागतं. चिऊ लहान आहे, तिला कळणं शक्यच नव्हतं. सहाची अट त्याचसाठी आहे. लहान मुलं पकडतात, मागे धावतात, एकदम किंचाळतात, आणि मांजराला पळायला जागा नसली की पंजाच मारणार ते. आणि मग दुखतं दोघांनाही. खोटं वय सांगून नको ताई, प्लीज

ताई: तिला काय सांगू मी. आजच दोन मांजरांची चित्रं काढलीयेत तिने, एकाला नाव पण दिलंय

आजी: चिऊला मी गोष्ट सांगेन मांजराची तिला इकडे पाठवा

सोन्या: आजी जागीच आहे

आजी: तुमच्या टिंग टिंगने कोण झोपतंय

भाओजी: मी आणि चिऊ तळ्यावर जातो उद्या. बोटीत बसतो. मला तसंही जायचं नव्हतं तिकडे आणि तिला बोट आवडते. प्रॉब्लेम संपला

ताई: तिला रडवू नकोस मग

भाओजी: नाही रडवणार

आत्या: मी पण तळ्यावर जाते त्यांच्याबरोबर. आणि वयाचं मी सुरुवातीलाच विचारलं होतं

मोठी काकू: मी कॅफेत येते. सूनबाईबरोबर कोणीतरी मोठं असलेलं बरं

वहिनी: या आई, मला बरं वाटेल

मी: आता येणाऱ्यांसाठी. झोपलेल्या मांजराला उठवायचं नाही, दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतातच ती. उचलायचं नाही. फ्लॅश नाही. खाली बसा, हात पुढे धरा, त्याला यायचं असेल तर ते येईल, आधी वास घेईल. हनुवटीखाली, गालाला हात लावा, पोटाला नको, उताणं पडलं म्हणजे पोट चोळा असं त्याचं म्हणणं नसतं. शेपटी सटसट आपटायला लागली, कान मागे गेले, की हात काढा. घुरघुर म्हणजे खूशच असंही नाही, दुखत असलं तरी घुरघुरतात. आणि टक लावून बघू नका, डोळे हळू मिटून हळू उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये तपासलंय हे, अनोळखी माणसाने असं केलं की मांजरं त्याच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात

सोन्या: दादाला डोळा मारायला जमतो, कॉलेजपासून प्रॅक्टिस

दादा: 😡

मोठी काकू: चावलं तर काय करायचं तेही सांग की

मी: चावलं किंवा ओरबाडलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि सरळ डॉक्टरकडे. लस दिलेलं मांजर आहे का ते तिथेच विचारायचं. मांजराचे दात बारीक असतात, जखम छोटी दिसते पण खोल जाते आणि आत पिकते, म्हणून "काही नाही एवढंसं" असं म्हणून सोडायचं नाही

मोठे काका: पावणेअकराला खाली. जो येणार नाही त्याला सोडून जाऊ. शुभ रात्री

भाओजी: निळी बॅग

मोठे काका: शुभ रात्री

(दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:१५)

ताई: चिऊ कशी आहे, रडली का

भाओजी: सकाळी रडली दहा मिनिटं. बोटीत बसल्यावर ठीक. बदकांना नावं देणं चालू आहे

आत्या: मी टोपी विसरले. ऊन फार आहे

सोन्या: इकडे चौदा मांजरं आणि त्यातली जागी दोन. एक तास झोपलेली मांजरं बघितली आपण

दादा: हो यार, फोटोत सगळे गोळेच दिसतायत

मी: मला तर त्याचाच आनंद झाला. घाबरलेलं मांजर असं लोकांच्या मधे पाय पसरून झोपत नाही. सगळीकडे उंच फळ्या होत्या, आणि मागच्या खोलीत जायला भिंतीत छोटं दार, तिथे माणसांना जायचं नाही, ज्याला कंटाळा आला ते उठून आत जात होतं. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडत होते. आणि एका माणसाने काळ्या बोक्याला झोपेतून उचललं तेव्हा कॅफेतली मुलगी धावत आली आणि त्याला ठेवायला लावलं, हसून पण ठामपणे. मी इतकी वर्षं वाटेवरची पिल्लं घरी आणून वाढवते, मला अशी जागा बघितली की बरं वाटतं. काही ठिकाणी उलटं असतं, लपायला जागाच नसते, टेबलाखाली दबून बसलेली असतात बिचारी, तिथून मी पाच मिनिटांत उठून येते

मोठी काकू: स्वच्छता होती हे मान्य. वास नव्हता. सूनबाई दोनदा हात धुऊन आली, मी बरोबर होते

वहिनी: आणि ती म्हातारी राखाडी मांजर आठवते का, खिडकीतली. मी डोळे हळू मिटले तर तिनेही मिटले. मग येऊन नुसती शेजारी बसली, हात लावू दिला नाही

मी: बसली ना शेजारी. खूप झालं ते

ताई: मी चिऊसाठी तिचा व्हिडिओ काढलाय. सहा पूर्ण झाली की आणूया म्हणते तिला, तोपर्यंत तू शिकव ना तिला घरी, तुझ्या मांजरांवर

मी: आण की. आधी नुसतं लांबून बघायला शिकवीन, मग हात पुढे धरायला

मोठी काकू: तिच्याजवळ तेव्हा कोणीतरी बसा म्हणजे झालं

ताई: मी बसेन मामी

भाओजी: आम्ही वीस मिनिटांत पोचतोय. तिकडून आलेल्या सगळ्यांनी कपडे बदला मगच माझ्या खोलीत या. आणि ते कपडे वेगळ्या पिशवीत भरा

सोन्या: निळ्या बॅगेत भरू का

मोठे काका: कुठे आहे ती??

सोन्या: आमच्या डिकीत, स्टेपनीखाली. आत्ता दिसली

भाओजी: मामा सॉरी 🙏

मोठे काका: ठीक आहे. जेवायला दीडला खाली या. आणि त्या बॅगेत ते कपडे भरू नका