मुलांना घरी ठेवून दोघांनीच क्रूझला जावं का? (माझं उत्तर: खुशाल जावं)

लाटेवरची

गेल्या महिन्यात आम्ही दोघं सात रात्रींच्या क्रूझवर जाऊन आलो. लेक दहा वर्षांची, मुलगा सहाचा. दोघं घरी, आजी आणि मावशीपाशी. परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतोय, "मुलांशिवाय करमलं का गं?" जहाज कसं होतं हे कोणाला ऐकायचंच नाहीये. आणि नवऱ्याला हा प्रश्न आजवर एकानेही विचारलेला नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

तर, करमलं. छान करमलं.

आधी मलाही क्रूझ म्हणजे तरंगता मॉल वाटायचा, आणि थोडासा तो असतोच. पण दोघांच्या सुट्टीसाठी त्याच्यात एक गुण आहे: काही ठरवावं लागत नाही. एरवी कुठेही गेलो की अर्धा दिवस गाडी कधी, हॉटेल कुठलं, आता इथून कुठे यातच जातो, आणि उरलेला अर्धा ते कोणी चुकीचं ठरवलं यात. इथे बॅग एकदाच उघडायची. रात्री झोपायचं, सकाळी बाहेरचं बंदर बदललेलं. पहिले दोन दिवस आम्ही फक्त मुलांबद्दलच बोललो, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी बंदर नव्हतं, दिवसभर नुसतं पाणी. डेकवर बसलो असताना एक जुनं भांडण निघालं आणि लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच ते पूर्ण झालं. मध्येच बाथरूममधून "आई, झाली!" अशी हाक आली नाही.

मुलगा लहान आहे, त्याला 'आठवडा' कळत नाही. म्हणून निघताना त्याच्या बुटाच्या जुन्या नाडीला सात सुरगाठी मारून दिल्या. रोज झोपताना एक सोडायची, गाठी संपल्या की आम्ही दारात. चौथ्या दिवशी आजीने फोनवर सांगितलं की त्याने एका रात्रीत दोन सोडल्या. आम्ही लवकर येऊ म्हणून.

ते ऐकून रडले. तरीही माझं मत तेच आहे. मुलांना ठेवून जाणं म्हणजे टाकून जाणं नव्हे. आता बोला.

उंबरठा

मी बोलतो. दोन मुलींचा बाप आहे, म्हणजे 'नवऱ्याला विचारत नाहीत' हा मुद्दा माझ्यापुरता बाद करा. मला विचारा, मला करमणार नाही.

दोघांनी जावं की नाही यावर वाद नाही, जरूर जावं. पण समुद्रातच का? डोंगरातल्या हॉटेलात असाल आणि रात्री एक वाजता फोन आला की पोरीला ताप चढलाय, तर गाडी काढून पहाटेपर्यंत घरी पोचता. जहाजावर कॅप्टनला काय सांगणार, जरा बाजूला घ्या? पुढचं बंदर येईपर्यंत तुम्ही कैदेत. आणि २०२० चा फेब्रुवारी विसरलात? कोरोनामुळे जपानमध्ये योकोहामाच्या धक्क्याला डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ अडकली होती. जहाजावर ३,७११ माणसं, लागण झाली ७१२ जणांना. दोन आठवडे लोक खिडकी नसलेल्या केबिनमध्येसुद्धा बसून होते. त्यातल्या किती जणांच्या घरी सहा वर्षांचं मूल गाठी सोडत बसलं असेल?

त्या दोन गाठींबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला तिथेच थांबायला झालं.

बंद_छत्री

"एक जुनं भांडण पूर्ण झालं" यासाठी +१. कोण जिंकलं तेवढं सांगा.

लाटेवरची

@बंद_छत्री, बंदर आलं.

@उंबरठा, योकोहामाचं उदाहरण देता, पण तेव्हा जमिनीवरही लोक महिनोन् महिने अडकलेच होते की. आणि नोकरीसाठी विमानाने चौदा तास लांब जाणाऱ्या आईबापांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. कामासाठी लांब गेलं तर कर्तव्य, आनंदासाठी गेलं तर गुन्हा, असंच ना?

जुना_नांगर

बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली सहा प्रवासी जहाजांवर. दोघांनाही थोडं थोडं सुनावतो.

उंबरठा, 'कैद' हा शब्द जरा जास्त होतोय. अशा सहलींत बहुतेक दिवस एक ना एक बंदर असतंच. तिथे उतरून विमान पकडून घरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि विमा या तिन्हींचा विचार आधी केलेला हवा. लोक बुफेचे फोटो आधी बघतात. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही. हेलिकॉप्टर बोलवायचं तर ते किनाऱ्यापासून ठरावीक पल्ल्यापर्यंतच येतं. म्हणून भर महासागर ओलांडणारी सफर आणि किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरं घेत जाणारी सफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी लहान मुलं असतील तर दुसरी घ्या.

लाटेवरची, तुम्ही मस्टर ड्रिलचा (संकटात कुठे जमायचं, याच्या सरावाचा) उल्लेखही केला नाहीत, म्हणजे बहुतेक मोबाइलवर व्हिडिओ बघून, जागेवर तोंड दाखवून मोकळ्या झालात. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ इटलीच्या जिल्यो बेटाच्या खडकावर गेली, ३२ माणसं मेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हा ते चोवीस तासांच्या आत केलं तरी चालायचं. आता जहाज निघण्याआधी किंवा निघता निघताच ते करावं लागतं. सात आखूड भोंगे आणि एक लांब. घरी मुलं ठेवून गेलेल्या माणसाने तरी ते नीट ऐकावं.

बाकी, मी एकेका करारात सहा-सहा महिने घराबाहेर असायचो. मला कोणी विचारलं नाही करमलं का. नव्हतं करमत.

अवांतर: गाठींवरून आठवलं. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून ती पाठीमागे पाण्यात सोडायचे, आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे. म्हणून आजही जहाजाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे इंग्रजीत गाठींमध्येच. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तुमच्या मुलाने जहाजाचा वेग दुप्पट केला, एवढंच.

तीन_तिघाडा

मला हा वादच कळत नाही. मुलांना घेऊनच जा की! मोठ्या जहाजांवर मुलांचा क्लब असतो, साधारण तीन वर्षांपासून पुढे घेतात, फक्त डायपर सुटलेलं हवं. तान्हं असेल तर बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आत घेत नाहीत, लांबचा समुद्र असेल तर वर्षाची अट. सकाळी सोडा, संध्याकाळी घ्या. मुलंही खूश, तुम्हीही खूश, आणि नाड्यांना गाठी मारायला नकोत.

लाटेवरची

मोठी तीन वर्षांची असताना आम्ही हेच केलं होतं. क्लबमध्ये सोडलं, फोन हातात घेऊन क्लबच्या मजल्यावरच दोन तास फिरलो, तिसऱ्या तासाला बोलावणं आलं. पोहायला न्या, झोपवायला न्या, तिला बोट लागली म्हणून बाथरूममध्ये न्या. समुद्र मी त्या सफरीत केबिनच्या खिडकीतून बघितला, तोही तिला मांडीवर थोपटताना. वाईट नव्हतं ते. पण ती कुटुंबाची सहल होती, ही दोघांची. एकीने दुसरीचं काम होत नाही. १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत अशी जहाजंही आहेत, व्हर्जिन व्हॉयेजेसची, वायकिंगची. ती काही ओस पडलेली नाहीत, म्हणजे मी एकटीच वेडी नाही.

हिरवा_कंदील

तुम्ही सगळे मुलं नेऊ की ठेवू यावर भांडताय. ज्या मुलांची इतकी काळजी, त्यांच्यासाठी समुद्र कसा ठेवताय ते बघा. मोठ्या शहरात असते तेवढी वीज आणि कचरा एका बोटीवर. २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेलं आयकॉन ऑफ द सीज जवळजवळ अडीच लाख टनांचं आहे, टायटॅनिक ४६ हजारांची होती. एवढं वजन ढकलायला किती इंधन लागतं? व्हेनिसला इतका जाच झाला की १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायची बंदी करावी लागली.

जुना_नांगर

ते वजन नव्हे. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या आतल्या जागेचं माप. नावात 'टन' असल्यामुळे सगळेच फसतात. आणि 'मोठ्या शहराएवढी' जरा आवरा, हजारो माणसं म्हणजे मोठं शहर नव्हे.

मूळ मुद्दा खोटा नाही. आम्ही जाळायचो ते जड तेल डांबराच्या भावकीतलं, गरम केल्याशिवाय वाहायचंही नाही. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आणली, भूमध्य समुद्रात तर मे २०२५ पासून ०.१. धूर सुधारला. कार्बन आहे तिथेच आहे.

लाटेवरची

@हिरवा_कंदील, यावर माझ्याकडे उत्तर नाही. दरवर्षी जाणार नाही एवढंच म्हणू शकते, आणि ते उत्तर नव्हे हे मला कळतं.

पाटीपेन्सिल

बालवाडीत शिकवते. दुरावा सगळ्या वयांना सारखा जाचत नाही. साधारण आठ महिने ते दीड वर्ष या काळात आई नजरेआड झाली की मुलाचं जग संपतं. त्या वयाचं बाळ सोडून सात रात्री जाऊ नका असं मीही सांगेन. सहा वर्षांचं मूल आठवण काढतं, चिडतं, पण परत येणार हे त्याला कळतं. वाट बघणं म्हणजे जखम नव्हे. त्रास होतो तो न सांगता सटकण्याने. मूल झोपलेलं असताना निघून जातात, ते सकाळी उठून घरभर शोधतं, आणि मग महिनाभर शाळेच्या दारातही आईचा पदर सोडत नाही. अशी मुलं माझ्या वर्गात आली आहेत. सांगून, रडू देऊन, मग जा.

आणि मुलांना सांभाळणाऱ्यांकडे औषधोपचारासाठी तुमच्या सहीचं संमतीपत्र ठेवलं होतं का? हे लोक हमखास विसरतात.

लाटेवरची

ठेवलं होतं. विम्याची कागदपत्रं आणि डॉक्टरांचे नंबरही. मावशीने ते फ्रिजवर चिकटवून त्यावर किराण्याची यादी लिहिली, ते वेगळं.

उंबरठा

पाटीपेन्सिल, पटलं. पण पूर्ण नाही. मी सात वर्षांचा असताना आई-बाबा दहा दिवस गेले होते, सांगून, व्यवस्थित. काकूने काही कमी केलं नाही. तरी मला आज त्या दहा दिवसांतलं एकच आठवतं: संध्याकाळी फाटकाच्या कडीचा आवाज. दर वेळी शेजारचे असायचे. जखम वगैरे नाही, तुम्ही म्हणता तसं. पण तो आवाज आजही ऐकू आला की मान वळते. माझ्या मुलींना असं काही देण्याआधी मी दहादा विचार करेन, आणि बायकोला म्हणेन, दोघी मोठ्या होऊ देत, मग जाऊ. समुद्र कुठे पळून जातोय?

लाटेवरची

समुद्र नाही पळून जात, आपण जातो. माझ्या ओळखीत 'मुलं मोठी होऊ देत' म्हणणारी दोन जोडपी आहेत. मुलं मोठी झाली, परगावी गेली, आणि आता जेवणाच्या टेबलावर दोघांमध्ये फक्त टीव्हीचा आवाज असतो. क्रूझने ते टळलं असतं असं म्हणत नाही. पण दोन माणसांना एकमेकांशी बोलायची सवय राहावी लागते, आणि ती वापरली नाही तर मोडते.

आता त्या दोन गाठींचं. तुम्ही थांबलात म्हणून सांगते. फोन झाल्यावर मी केबिनमध्ये आले. खोली आवरणाऱ्याने टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला होता, नवऱ्याचा चष्मा त्याला घातलेला. एरवी मी खदखदून हसले असते. तो हत्ती मी मोडू दिला नाही, आम्ही ती रात्र पलंगाच्या कडेला आखडून झोपलो. दुसऱ्या दिवशी मुलाशी बोलले. म्हटलं, दोन गाठी सोडल्यास तरी बोट तेवढीच हळू चालते रे. तो म्हणाला, "मग मी एक परत बांधू का?" आणि स्वतःच बांधली. त्याच्या हिशेबात आम्ही ठरल्या दिवशी आलो.

कडीच्या आवाजाचं तुमचं वाचून मात्र पोटात कालवलं. ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

बंद_छत्री

हत्तीचा फोटो टाका.

जुना_नांगर

पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी: बोट लागत असेल तर केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. जहाज झोक्यासारखं पुढे-मागे डुलतं तेव्हा टोकं वर-खाली होतात, मध्य सर्वांत कमी हलतो. दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात ना, स्टॅबिलायझर, ते डावं-उजवं डुलणं आवरतात, पुढचं-मागचं नाही. वरच्या मजल्यावरची बाल्कनी फोटोला बरी. आणि बंदरात उतरलात की घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. स्वतःहून भटकायला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. धक्क्यावरून धावत येणारी जोडपी डेकवरून बघणं हा आमचा आवडता खेळ होता.

उंबरठा

माझं मत बदललेलं नाही. पण एक विचारतो. त्याने जी गाठ परत बांधली, तीही सुरगाठच होती का?

लाटेवरची

नाही ना. त्याला सुरगाठ कुठली येतेय, निरगाठ मारलीन. शेवटच्या रात्री आजीला सुटेना, मावशीला सुटेना. नाडी आता परत त्याच्या बुटात आहे, गाठीसकट. गाठीमुळे ती नीट आवळली जात नाही म्हणून तो बूट जरा सैलच राहतो.