बहुकृत्तक की बहुकृंतक?

भाषांतरवाली: एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. सशात तयार केलेलं, डायसर या विकराविरुद्धचं पॉलिक्लोनल प्रतिपिंड. मी 'बहुकृत्तक' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी 'बहुकृंतक' केलं. कृंतक म्हणजे उंदीर-खारी ना?

नाशिककर: तुमचंच बरोबर. कृत्त म्हणजे कापलेलं, कृंतक म्हणजे कापणारा, कुरतडणारा. ग्रीकमध्ये क्लोन म्हणजे डहाळी, कापून लावतात ती, म्हणून कृत्तक. इतका नेमका शब्द हातचा घालवू नका. आणि ससा कृंतकांत मोडतच नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन छोटे दात असतात. १९१२ मध्ये त्याचा गण वेगळा केला गेला.

ब्लॉटवाली: प्रयोगशाळेत आम्ही सरळ 'सशाचं पॉलिक्लोनल' म्हणतो, कुणाचं अडत नाही. सशाला डायसरचा तुकडा टोचला की त्याच्या निरनिराळ्या बी-पेशी (रक्तातल्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) त्या एकाच प्रथिनाच्या निरनिराळ्या जागा धरणारी प्रतिपिंडं बनवतात. 'बहु' ते हेच. ससा बदलला की मिश्रणही बदलतं, म्हणून आम्ही कुपीचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवतो. मला खटकतं ते 'विरुद्ध'. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून प्रतिपिंडानं ओळखायच्या चाचणीत, २१८ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक) च्या आसपास पट्टा उमटला की डायसर आहे हे कळतं. तिथे प्रतिपिंड त्याला अडवत नाही. 'डायसर ओळखणारं' लिहा.

नाशिककर: 'अडत नाही' म्हणत म्हणतच शब्द मरतात हो.

कोल्हापूरकर: पण खरा कापणारा डायसरच की! दुपदरी आरएनएचे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचे) सारखे तुकडे पाडतो, बटाट्याच्या फोडी कराव्यात तसे. इंग्रजीत 'डाइस' म्हणजे फोडी करणं, २००१ मध्ये नावही त्यावरूनच ठेवलं. मी त्याला 'चिरक' म्हणेन.

नाशिककर: विशेषनाम आहे, राहू द्या. धातू मात्र तोच, कृत्. कात्री, कातरणं त्यातलंच.

विणकराची नात: आणि कातणंही! आजी टकळीवर सूत कातायची.

नाशिककर: नाही, तो कृत् वेगळा. कृन्तति म्हणजे कापतो, कृणत्ति म्हणजे काततो. संस्कृतात दोन्ही आहेत.

विणकराची नात: सूत शेवटी तोडावंच लागतं. आजीच्या तोंडी दोन्ही एकच होतं, मी तेच धरून चालणार.

भाषांतरवाली: तपासणाऱ्यांना काय कळवू? मजकूर उद्या छपाईला जातोय.

कोल्हापूरकर: आणि सापाची कात? ती कृत्तीवरून ना, कातड्यावरून? कृत्तिवास शंकरातली?