शोलेनेनची लढाई आणि पूल

स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या शोलेनेनच्या घळीत झालेल्या लढाईबद्दल म्हटलं जातं की तिच्यात नेपोलियन स्वतः होता आणि आजचा दगडी कमानीचा पूल लढाईच्या वेळचाच आहे. दोन्ही पटत नाही. सप्टेंबर १७९९ मध्ये नेपोलियन इजिप्तहून परतायच्या वाटेवर होता. इथे सेनापती लेकुर्बचे फ्रेंच सैनिक सेनापती सुव्होरोव्हच्या रशियन फौजेला अडवत होते. आणि तेव्हाचा पूल १८८८ मध्येच कोसळला. आजची कमान १८३० ची, तिच्या वरच्या बाजूचा रस्त्याचा पूल तर १९५० च्या दशकातला.

माझ्या मते खरी शोकांतिका पुलापलीकडची आहे. २५ सप्टेंबरला रशियनांनी उर्नरलोखचा अरुंद बोगदा आणि पूल पार केला, त्याच दिवशी झुरिचला फ्रेंच सेनापती मासेनाने कोर्साकोव्हच्या रशियन सैन्यावर हल्ला चढवला. सुव्होरोव्हला ज्यांना जाऊन मिळायचं होतं, तेच मोडले गेले! पुढे आल्टडॉर्फ गावापासून सरोवरातून जायची सोय नाही, मग किंत्सिग, प्रागेल आणि शेवटी बर्फातली पानिक्स खिंड. तिथे माणसं, जनावरं कड्यांवरून कोसळली. या घळीतून गोशेनेन गावाहून आंडरमाट गावाला चालत जाणाऱ्यांनी कड्यात कोरलेल्या बारा मीटर उंच क्रुसापाशी जरूर थांबावं. १८९८ च्या त्या स्मारकावरचा रशियन लेख सुव्होरोव्हच्या पडलेल्या साथीदारांसाठी आहे.