कॉलेजच्या मुलांचा व्हॉलीबॉल संघ हातात घ्यायचाय, सोलापुरात सुरुवात कुठून करावी?

कडक_भाकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मुलांच्या व्हॉलीबॉल संघाचं काम मानधनावर मिळतंय. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालंय, एमपीएडचं (त्यातल्याच पदव्युत्तरचं) दुसरं वर्ष चालू आहे. मैदान मातीचं, चेंडू सहा, मुलं पंधरा-सोळा. त्यातली निम्मी गावाकडं शूटिंगबॉल खेळून आलेली.

तीन गोष्टी विचारायच्यात. यातून पुढं कायमची नोकरी कशी होते? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला तीनेक महिने आहेत, तर आधी काय हातात घ्यावं? आणि वर्षानुवर्षं संघ जिंकवणारे प्रशिक्षक इतरांपेक्षा नेमकं वेगळं काय करतात? "मेहनत घ्या, शिस्त ठेवा" एवढंच सांगणार असाल तर राहू द्या, ते घरीही ऐकायला मिळतं.

पार्क_चौक

नोकरीचं आधी. अनुदानित महाविद्यालयात 'व्हॉलीबॉल प्रशिक्षक' असं कायमचं पद सहसा नसतं. पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्याला एमपीएडला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत खेळाडू म्हणून स्पर्धेत उतरल्याचा पुरावा मागितलाय, शिवाय धावण्याची चाचणी आहे: ३० वर्षांपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर. अभ्यासाच्या नादात बरेच जण धावणं सोडतात आणि इथं अडकतात. सातव्या वेतन आयोगात हे पद लेव्हल १० ला आहे, मूळ वेतन ५७,७०० पासून.

एक लक्षात ठेवा, संचालक झालात की कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, जिमखान्याचा हिशेब, सगळं तुमच्याच गळ्यात. निव्वळ व्हॉलीबॉलच करायचा असेल तर पतियाळाच्या एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) एक वर्षाची पदविका करा. तेवढी सवड नसेल तर तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. पण त्या दोन्हींना एकाच तागडीत तोलू नका, पदविकेचं वजन फार जास्त. सध्या एमपीएड पूर्ण करा, सेटचा अर्ज भरा, संध्याकाळी संघ चालवा. तिन्ही एकत्र जमतं.

दोनशे_त्रेचाळीस

ड्रिल वगैरे नंतर. आधी नेट मोजा. मुलांसाठी मध्यावर २.४३ मीटर, दोन्ही बाजूरेषांवर उंची सारखी आणि मध्यापेक्षा २ सेंटीमीटरहून जास्त नको. कॉलेजच्या मैदानावर सुती दोरी वापरतात. ती आठवडाभरात सैल पडते आणि नेट मध्ये पाच-सहा सेंटीमीटर झुलतं. मुलं सरावात धडाधड स्मॅश मारतात, स्पर्धेत तोच चेंडू पट्टीवर आदळतो, आणि मग "मुलं दबावाखाली खेळली" असं म्हणायचं! वरच्या पट्टीतून स्टीलची तार घ्या आणि एका खांबाला रॅचेट बसवा.

खांबांचंही बघा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसते पुरलेले खांब दुसऱ्या पावसाला आत झुकतात. खड्डा काळ्या थराखाली मुरूम लागेपर्यंत घ्या आणि काँक्रीट भरा. खांब बाजूरेषेपासून अर्धा ते एक मीटर बाहेर.

चेंडूचा दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण ४.३ ते ४.६ पीएसआय. सायकलच्या पंपाने अंदाजाने भरलेला चेंडू बहुतेक वेळा यापेक्षा टणक असतो. तो हातावरून उडतो आणि पास बिघडला म्हणून पोरगं शिव्या खातं. सावलीत २५ अंशाला ०.३१ भरलेला चेंडू उन्हात ४५ अंशापर्यंत तापला की दाब ०.४० च्या आसपास जातो. सोलापूरच्या उन्हात चेंडूंची जाळी खांबाला टांगून ठेवू नका. दाबमापक घ्या, आणि सुई ओली करूनच घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

लिबेरो_१४

तीन महिने असतील तर समोरची सर्व्हिस घेणं आणि सेटर (मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा), एवढ्या दोनच गोष्टी धरा. ब्लॉक उंच मुलांकडून आपोआप थोडाफार होतो. पास आपोआप होत नाही.

पास मोजायला वही करा. सेटरला तिन्ही मारणारे मोकळे मिळाले तर ३ गुण. दोनच पर्याय राहिले तर २. कोपऱ्यात उंच चेंडू टाकण्यावाचून इलाज नसेल तर १. थेट गुण गेला तर ०. सरावात ४० सर्व्हिस घेतल्या आणि बेरीज ७६ आली, तर सरासरी १.९. माझ्या हिशेबानं कॉलेज पातळीला २ च्या आसपास असेल तर मधून जलद हल्ला परवडतो. १.८ च्या खाली असेल तर तो हट्ट सोडा, कोपऱ्यातून खेळा. प्रत्येक मुलाची सरासरी वेगळी काढा. बहुतेक संघांत भोक एकाच ठिकाणी असतं आणि समोरचा प्रशिक्षक ते पाच सर्व्हिसमध्ये हेरतो.

पास कुठं पडायला हवा तेही दाखवावं लागतं. नेटपासून अर्धा-एक मीटर आत, २ आणि ३ नंबरच्या जागांच्या मध्ये (नेटजवळ उजवीकडून २, ३, ४; मागं उजवीकडून १, ६, ५), ट्रकच्या जुन्या ट्यूबचं कडं जमिनीवर ठेवा. "सेटरला दे" म्हटल्यावर मुलगा सेटरच्या तोंडाकडं बघून देतो आणि चेंडू नेटवर जातो. कडं ठेवलं की जागेकडं देतो.

दोन तासांचा सराव असा बसवा: १५ मिनिटं अंग मोकळं करणं, ३० मिनिटं तिघांनी सर्व्हिस घेणं, २५ मिनिटं सेटर आणि मारणारे, २० मिनिटं ब्लॉक व त्यामागचं डिग (स्मॅश उचलणं), २५ मिनिटं सहा-सहा, ५ मिनिटं ताणाचे व्यायाम. सहा-सहा खेळवताना स्कोअर २०-२० पासून धरा. शून्यापासून खेळवलं तर मुलं पहिले पंधरा गुण गप्पा मारत खेळतात.

सेटर निवडताना उंचीच्या मागं लागू नका. ज्याच्या बोटांतून चेंडू न फिरता सुटतो आणि जो पास वाईट आला तरी पायांनी पोहोचतो, तो घ्या. भिंतीवर रोज २०० ते ३०० सेट, वेगवेगळ्या उंचीवर केलेल्या खुणांवर. मारणारे निवडायला मात्र पट्टी हवी. बोटं फक्कीत बुडवून भिंतीवर आधी उभ्यानं हात टेकवायचा, मग तीन पावलं धावत उडी मारून. २.३५ चा हात आणि ७५ सेंटीमीटरची उडी म्हणजे ३.१० झाले, कोपऱ्यातून मारायला तेवढे पुरतात. दर महिन्याला त्याच भिंतीवर मोजा.

कडक_भाकरी

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. शूटिंगबॉलच्या मुलांचं काय करावं? आणि पाऊस आला की शेजारचा सिमेंटचा बास्केटबॉल कोर्ट मिळू शकतो, तिथं सराव घ्यावा का?

मंगळवेढा_ज्वारी

शूटिंगबॉलच्या मुलांना चेंडूची भीती नसते, हे मोठं भांडवल. डिगला त्यांना आधी उभं करा. अडचण एवढीच की दोन्ही मुठी जुळवून चेंडू जोरात परत मारायची सवय असते. व्हॉलीबॉलच्या पासला हात सरळ ठेवून चेंडूचा वेग मारायचा असतो, वाढवायचा नसतो. पहिले दोन आठवडे त्यांना नेट दाखवूच नका. चार मीटरवरून हाताने फेकलेला चेंडू घ्यायला लावा, अंगठे समांतर आणि खाली. चेंडू मनगटाच्या वर, कोपराच्या अलीकडे लागला पाहिजे. कोपर वाकला की हाक मारून थांबवा. कोपर वाकायचा थांबला की निम्मं काम झालं.

सिमेंटवर उड्या नकोत. गुडघ्याच्या वाटीखालचा दुखरा कंडरा हा या खेळाचा ठरलेला आजार. तो एकदम होत नाही. पहिल्या महिन्यात उत्साहाने रोज दीडशे उड्या होतात आणि स्पर्धेच्या तोंडावर मुख्य मारणारा लंगडतो. उड्या मोजा: सुरुवातीला सरावाला ४० ते ५०, आठवड्याला दहा-दहा वाढवत १०० पर्यंत, आणि आठवड्यातून दोन दिवस उडी अजिबात नाही. सिमेंटवर फक्त पास, सेट आणि उभ्यानं सर्व्हिस. मैदानावर सकाळी पाणी मारून रोलर फिरवलात तर मुरूम बसतो आणि घसरणंही कमी होतं. मार्च ते मे सराव सकाळी सहाला, आठच्या आत बंद.

लिबेरो_१४

नियमांतल्या तीन चुका, ज्यांनी फुकटचे गुण जातात. सेटर ५ नंबरवर असताना सर्व्हिस घेण्याच्या रचनेत तो ४ नंबरवाल्याच्या मागं आणि ६ नंबरवाल्याच्या डावीकडे हवा. तो घाईत पुढं सरकतो, पंच शिट्टी मारतो, गुण जातो आणि सर्व्हिस समोरच्याकडेच राहते. दुसरी: लिबेरोने (फक्त मागच्या रांगेत बचाव करणाऱ्या खेळाडूने) तीन मीटर रेषेच्या पुढं उभं राहून बोटांनी चेंडू उचलला, तर तो नेटपेक्षा वर असताना मारता येत नाही. लिबेरोला त्या जागी मनगटावरून द्यायला शिकवा. तिसरी चूक प्रशिक्षकाचीच: प्रत्येक सेटआधी द्यायच्या रचनेच्या चिठ्ठीवर चुकीचा नंबर. मग चिठ्ठीप्रमाणे खेळा, नाहीतर सहापैकी एक बदली खर्च करा.

टाइमआउट सेटला दोन, तीस सेकंदांचे. त्यात दोनच वाक्यं बसतात: सर्व्हिस कोणावर टाकायची, आणि ब्लॉकने सरळ रेषा धरायची की तिरपी.

पार्क_चौक

तिसऱ्या प्रश्नाला अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. यूसीएलएचे अल स्केट्स १९६३ ते २०१२ एकाच विद्यापीठाच्या मुलांच्या संघाचे प्रशिक्षक होते. १९ राष्ट्रीय विजेतेपदं, १,२३९ विजय. त्यातली बरीच वर्षं ते दिवसा बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत शिकवायचे. शिष्यवृत्त्यांचा सुकाळही नव्हता. तिथं बरीच वर्षं मुलांच्या अख्ख्या व्हॉलीबॉल संघाला मिळून साडेचारच शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, ती सगळ्यांत वाटायची. मोठं काम होतं दर तीन-चार वर्षांनी अख्खा संघ बाहेर पडला की पुन्हा उभा करण्याचं. आपल्याकडंही तेच. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सेटरमागं पहिल्या वर्षाचा सेटर आत्ताच उभा करा, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना शेजारच्या कोर्टवर खेळू द्या.

कागदपत्रांना कंटाळू नका. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संघात मुलगा गेला की पुढं पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव. तिथं पात्रता अर्जावर जन्मतारीख, बारावी उत्तीर्ण वर्ष आणि प्रवेशाची तारीख गुणपत्रिकेशी जुळली नाही तर पोरगं स्टेशनवरून परत. पुढं ५ टक्के खेळाडू आरक्षणाला प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा प्रवेशिका, सामन्यांचा तक्ता आणि स्कोअरशीटच्या प्रती लागू शकतात. दरवर्षीची वेगळी फाइल ठेवा.

जाता जाता, सामन्याच्या सकाळी तुमची कडक भाकरी चालेल, पण सोबत दही घ्या. शेंगाचटणी परतीच्या गाडीत.

कडक_भाकरी

चटणीचं पाळतो. नेट उद्याच मोजतो. उंची मोजायला बांबूवर खूण केली तर चालेल ना?

दोनशे_त्रेचाळीस

बांबू वाळला की वाकतो. अडीच मीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप घ्या, २.४३ ला करवतीने बारीक खाच पाडा. खालच्या टोकाला रबरी बूच लावणार असाल तर ते आधी बसवा, मग मोजा.